सरासरी ११० एफपीएस येतायत तरी जीटीए फाइव्ह अडखळतोय, नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ का?

सोलापूरकर_११:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण पूर्ण वाचा, पैशांचा प्रश्न आहे म्हणून विचारतोय. दीड वर्षापूर्वी पीसी असेंबल केला, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, विंडोज एसएसडीवर आणि गेम सगळे जुन्या पीसीतून काढलेल्या १ टीबी हार्ड डिस्कवर. गेल्या महिन्यात १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेतला, आधीचा ६० चा होता, दोन्ही १०८० पी. आता होतंय असं की जीटीए फाइव्हमध्ये कोपऱ्यात आकडा ११०, ११५ असा मस्त दिसतो पण शहरात गाडी जोरात पळवली की झटका बसतो, मग चार-पाच सेकंद नीट, मग परत झटका. उभा राहिलो किंवा पायी फिरलो की काही नाही. माझ्या मावसभावाकडं जीटीएक्स १६५० कार्ड आहे, त्याला जेमतेम ६० मिळतात, पण त्याच्याकडं बसून खेळलो तर कुठंच अडकत नाही, एकदम सरळ चालतं. हे कसं काय? ११० वाल्यापेक्षा ६० वाला चांगला कसा चालतो?

आणि नवीन मॉनिटरचा फरक मला अजून दिसलेलाच नाही. लोक म्हणतात जमीन अस्मानाचा फरक आहे.

दुकानात विचारलं तर म्हणाले कार्ड कमी पडतंय, नवीन घ्या, तीस हजारांच्या वर सांगितलं. मॉनिटर घेताना घरी शब्द दिलाय की आता दोन वर्षं काही मागणार नाही. म्हणून आधी नीट समजून घ्यायचंय.

वाफाळता_चहा:

कार्ड घेऊ नकोस, निदान हे सगळं तपासेपर्यंत तरी नको. तुझा प्रश्न बरोबर जागेवर आहे, ११० चा आकडा आणि अडखळणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

असं बघ, एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती फ्रेम, म्हणजे चित्रं, आल्या त्याची मोजणी. त्या कशा आल्या हे त्यात कळत नाही. स्टँडवर बोर्ड असतो की तासाला सहा गाड्या आहेत, तू समजतोस दर दहा मिनिटांनी एक येईल, पण प्रत्यक्षात पहिल्या वीस मिनिटांत सहाच्या सहा निघून गेल्या आणि मग चाळीस मिनिटं स्टँड रिकामा. तासाला सहा हे तरीही खरंच आहे ना, पण उभं राहणाऱ्याचे पाय दुखतातच. तुझ्या गेममध्ये नेमकं हेच चाललंय.

आकड्यात सांगते. समज एका सेकंदात ९० फ्रेम आल्या, त्यातल्या ८९ फ्रेमना प्रत्येकी ९ मिलिसेकंद लागले, म्हणजे ८०१ मिलिसेकंद झाले, आणि उरलेल्या एका फ्रेमला १९९ मिलिसेकंद. बेरीज बरोबर १ सेकंद. काउंटर म्हणणार ९० एफपीएस, वा. पण तुझ्या डोळ्यासमोर सेकंदाचा पाचवा भाग चित्र गोठलेलं होतं आणि तेवढ्या वेळात गाडी डिव्हायडरवर गेलेली. तुझ्या भावाकडं फ्रेम कमी आहेत पण बहुतेक त्याचं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या ठोक्याशी जुळवणारी सेटिंग) चालू असणार, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक, एकसारखी, घड्याळाच्या ठोक्यासारखी. मेंदूला ठोका कळतो, मोजणी कळत नाही.

म्हणून एफपीएसऐवजी फ्रेमटाइम बघायची सवय लाव. ६० एफपीएस म्हणजे फ्रेममागं १६.७ मिलिसेकंद, १२० म्हणजे ८.३, १४४ म्हणजे ६.९. गंमत बघ, ३० वरून ६० ला गेलास तर फ्रेममागं जवळजवळ १७ मिलिसेकंद वाचतात, १२० वरून १४४ ला गेलास तर दीडसुद्धा वाचत नाही. आकडा मोठा होत जातो तसतसा प्रत्यक्ष फायदा आक्रसत जातो, हे कार्ड विकणारा कुणी सांगत नाही. पूर्वी रिव्ह्यूवालेपण फक्त सरासरीच द्यायचे, २०११ मध्ये द टेक रिपोर्ट या साइटवर स्कॉट वॉसनने एकेका फ्रेमला किती वेळ लागला ते मोजून छापलं आणि मग हळूहळू सगळीकडं ती पद्धत आली. आता व्हिडिओमध्ये सरासरीच्या शेजारी १ टक्का लो लिहिलेलं असतं ते त्यातूनच आलंय, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या १ टक्का फ्रेमचा वेग किती. प्रत्येक टूल तो थोडा वेगळा काढतं त्यामुळं एका टूलचा आकडा दुसऱ्याशी लावू नकोस.

तू आता एवढंच कर. एमएसआय आफ्टरबर्नर (खेळताना आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) आहेच तुझ्याकडं वाटतं, त्यात फ्रेमटाइम निवड आणि आकड्याऐवजी ग्राफ दाखव म्हण. मग गाडी पळव. रेघ सपाट असेल तर ठीक, झटका बसेल तेव्हा सुळका दिसेल. त्याच वेळी जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के आहे ते बघून इथं लिही.

रंकाळा_९९:

भावा आधी एक सांग, विंडोजमध्ये १४४ लावलाय का? नवीन मॉनिटर जोडला की लय वेळा ६० वरच राहतो. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, त्यात खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं रिफ्रेश रेट दिसतो. आणि वायर कुठली लावलीस? जुन्या मॉनिटरचीच एचडीएमआय लावली असशील तर काही मॉनिटरवर १४४ दिसतच नाही त्या पोर्टवर, डिस्प्लेपोर्टची वायर लाव, बॉक्समध्येच असेल बघ.

मॉनिटर ६० वर असेल तर तुझं कार्ड ११० फ्रेम काढून देतंय आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या तुला धड दिसतच नाहीत.

पडदा_प्रोजेक्टर:

मला एक कळत नाही, माणसाच्या डोळ्याला २४-३० च्या वर काही दिसत नाही म्हणतात ना? पिक्चर तर सगळे २४ वर असतात आणि ते किती छान दिसतात. मग हे १४४ वगैरे कशाला लागतं?

वाफाळता_चहा:

@पडदा_प्रोजेक्टर, पिक्चर २४ वर असतो हे बरोबर, पण कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी शटर साधारण सेकंदाचा ४८ वा भाग उघडं ठेवतो, त्यामुळं हलणारी वस्तू त्या फ्रेममध्ये पुसट, ओढल्यासारखी येते आणि एक फ्रेम दुसरीत मिसळून जाते. गेममधली फ्रेम म्हणजे एका क्षणाचं कोरडं, धारदार चित्र, त्यात पुसटपणा नाही, मोशन ब्लर लावला तर तो वरून फासलेला असतो. म्हणून २४ वर पिक्चर वाहतो आणि २४ वर गेम तुटतो. दुसरं म्हणजे पिक्चर तू बघतोस, गेम तू चालवतोस. माउस हलवला आणि चित्र कधी हललं हे हाताला लगेच कळतं. ६० आणि १४४ चे दोन मॉनिटर शेजारी ठेवून नुसता कर्सर गोल फिरवून बघ, डोळ्याला ३० च्या वर दिसत नाही हे परत म्हणणार नाहीस.

कसारा_लोकल:

चहाताईंनी फ्रेमटाइमचं सांगितलंय त्यात भर घालायची नाही, मी फक्त झटका कुठून येतो ते कसं शोधायचं ते सांगतो.

पोळ्यांचं उदाहरण घे. एक जण लाटतंय, एक जण भाजतंय. लाटणारा म्हणजे सीपीयू, तो ठरवतो रस्त्यावर गाड्या कुठं आहेत, माणसं कुठं चाललीत, कुठली वस्तू दिसतेय, आणि तसा हुकूम ग्राफिक्स कार्डला देतो. भाजणारा म्हणजे कार्ड, ते पिक्सेल रंगवतं. ताट वेळेवर भरायचं तर दोघांचा वेग जुळायला पाहिजे. लाटणारा मागं पडला तर तवा रिकामा तापत राहतो. अशा वेळी तू मोठा तवा आणलास तर पोळ्या वाढतील का? तीस हजारांचं कार्ड म्हणजे मोठा तवा.

कोण मागं पडतंय ते बघायची फुकटची युक्ती अशी की गेममध्ये रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर टाक, बाकी सेटिंग तशाच ठेव. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर, म्हणजे कार्डाचं काम एकदम हलकं झालं. तरी एफपीएस तेवढेच राहिले तर कार्डाचा दोष नाही, सीपीयू, रॅम किंवा डिस्क बघायची. एफपीएस भरभर वाढले तर मात्र कार्डच कमी पडतंय आणि दुकानवाला बरोबर आहे.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्के दिसतोय म्हणून तो मोकळा आहे असं समजू नकोस, हे फार लोकांचं चुकतं. तुझ्या रायझन ५६०० मध्ये ६ कोर १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी १२ कामं) आहेत, गेमचा मुख्य थ्रेड एकच, तो पूर्ण दमला तरी एकूण टक्केवारीत त्याचे ८ टक्केच दिसतात. म्हणून सीपीयूपेक्षा कार्डाच्या वापराकडं बघ, ते ९७-९९ वर असेल तर कार्ड भरलेलं, ६० वर असेल तर ते कुणाची तरी वाट बघतंय.

आता दोन शंका. एक, १६ जीबी रॅम म्हणालास पण एक स्टिक की दोन ते सांगितलं नाहीस. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथं स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. दोन, गेम हार्ड डिस्कवर आहे. उभा असताना काही नाही, गाडी पळवली की झटका, यातच मला अर्धं उत्तर दिसतंय. गाडी जोरात पळते तेव्हा पुढच्या रस्त्याच्या इमारती, झाडं, टेक्स्चर डिस्कवरून आणायला लागतात. जुन्या हार्ड डिस्कचं हेड नुसतं जागेवर पोचायलाच दहा-पंधरा मिलिसेकंद घेतं आणि ११० एफपीएसला अख्ख्या फ्रेमच्या वाट्याला ९ मिलिसेकंद आहेत. गेम हे काम मागच्या मागं करत असतो म्हणून एरवी कळत नाही, पण तू एवढ्या वेगात जातोस की रस्ता येतो आणि माल अजून आलेला नसतो.

जीटीएमध्येच बेंचमार्क आहे बघ, पाच भागांचा, शेवटच्या भागात गाडीबिडी पळते. दरवेळी तोच चालव, म्हणजे तुलना खरी होईल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. सगळं एकदम बदललंस तर बरं वाटेल पण कशानं बरं वाटलं ते कळणार नाही.

टर्बो_मोड:

एवढं कशाला करताय, ड्रायव्हरमध्ये फ्रेम जनरेशन चालू कर, ११० चे थेट २०० होतील, मी पण तेच केलंय.

कसारा_लोकल:

@टर्बो_मोड तुमच्याकडं मूळ फ्रेम सरळ येत असतील तर छान दिसेल, ते तंत्र वाईट नाही. पण ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली घालतं, आणि मधली बनवायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणजे ती थोडी रोखून धरावी लागते, त्यामुळं हाताला उशीर वाढतो. याच्याकडं खरी फ्रेमच दीडशे-दोनशे मिलिसेकंद अडकतेय, मध्ये काय घालणार? झटका तसाच राहील आणि कोपऱ्यातला आकडा मात्र २०० दाखवेल. आकडा सुधारायचा नाहीये, गेम सुधारायचाय.

डीएलएसएस किंवा एफएसआरचं अपस्केलिंग वेगळं, ते कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करतं आणि कार्ड दमलेलं असेल तर खरोखर मदत करतं. पण ते पण भाजणाऱ्याचं काम हलकं करतं, लाटणाऱ्याचं नाही.

सोलापूरकर_११:

तुम्ही सगळ्यांनी एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. काल रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो, सांगतो काय काय निघालं.

रंकाळा भाऊ, मॉनिटर ६० वरच होता. जुनी एचडीएमआय लावली होती, बॉक्समधून डिस्प्लेपोर्टची काढली, १४४ लावलं आणि नुसता कर्सर फिरवला तरी फरक दिसला. एक महिना ६० वरच खेळत होतो.

मग ७२० वर टाकून बघितलं. १०८० ला सरासरी ११२, ७२० ला ११४. कार्डाचा वापर ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कार्ड वाट बघतंय हे स्पष्ट झालं. १ टक्का लो ३८ आला आणि ग्राफमध्ये गाडी वळली की असा सुळका उठतो.

रॅम बघितली तर १६ ची एकच स्टिक, दोनपैकी एक स्लॉट भरलेला, आणि स्पीड २४००. पाकिटावर तर ३२०० लिहिलंय. हे काय आहे?

आधी गेम एसएसडीवर हलवला, स्टीममध्ये प्रॉपर्टीजमध्ये जाऊन इन्स्टॉल्ड फाइल्समधून हलवता येतो, परत डाउनलोड नाही करावा लागला. तेवढ्यानंच मोठे झटके गेले. सरासरी ११३ म्हणजे जवळपास तेवढीच, पण १ टक्का लो ३८ वरून ५५. सरासरी हलली नाही आणि खेळताना मात्र गेम बदलल्यासारखा वाटला, तेव्हा चहाताईंचं स्टँडचं उदाहरण पूर्ण डोक्यात बसलं. पण अजून बारीक बारीक थरथर आहे गर्दीच्या चौकात.

कसारा_लोकल:

२४०० म्हणजे बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारा सेटिंगचा मेनू) प्रोफाइल चालूच केलेलं नाही. रॅमच्या पाकिटावरचा वेग आपोआप लागत नाही, एक्सएमपी चालू करावं लागतं, काही बोर्डवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. असेंबल करणाऱ्यानं करून द्यायला हवं होतं. चालू करून सेव्ह कर. क्वचित पीसी चालू होत नाही, घाबरू नकोस, मेन स्विच बंद करून बोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत लाव, सगळं मूळ सेटिंगवर येतं.

एक स्टिक का वाईट तेही सांगतो. डीडीआर४ ची एक स्टिक २४०० वर सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माल देऊ शकते, ३२०० वर २५.६. दोन स्टिक दोन चॅनेलवर लावल्या की ५१.२. तुझा सीपीयू आत्ता शक्य असलेल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी रस्त्यावर चालतोय. गर्दीच्या चौकात गाड्या, माणसं, सगळ्यांचा हिशोब रॅममधून येतो, तिथंच तुला थरथर दिसतेय, जुळतंय ना? शक्यतो त्याच मॉडेलची दुसरी स्टिक घे. तुझ्याकडं दोनच स्लॉट आहेत म्हणजे प्रश्न नाही, चार असते तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या.

तोपर्यंत गेममध्ये ॲडव्हान्स्ड ग्राफिक्समध्ये एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग शून्यावर आण आणि पॉप्युलेशन डेन्सिटी थोडी कमी कर, हे दोन्ही सीपीयूवर पडतात. गवत आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) मात्र कार्डावर पडतं, ते कमी करून तुझ्या केसमध्ये काही मिळणार नाही, उगाच चित्र खराब होईल. सगळं लो करा असा सल्ला लोक देतात तो यासाठीच चुकीचा, कुठली सेटिंग कुणाच्या डोक्यावर बसते ते बघून कमी करायची असते.

अकोला_४५:

मध्येच विचारतो, राग नको. माझा गेमिंग लॅपटॉप आहे, पहिली वीस मिनिटं ९० एफपीएस आणि मग एकदम ५० वर येतो अन् तिथंच राहतो. लाइट गेली की तर ३० वर. हे पण रॅमचंच का?

वाफाळता_चहा:

नाही दादा, हे उष्णतेचं दिसतंय. सुरुवातीला चांगला आणि मग एका पायरीवर येऊन बसतो म्हणजे चिप तापून स्वतःचा वेग कमी करतेय. आफ्टरबर्नरमध्ये तापमानासोबत कोर क्लॉक पण लावा, तापमान वर जाऊन थांबलं आणि त्याच वेळी क्लॉक खाली आलं की समजायचं. तुमच्याकडं मे महिन्यात बाहेर ४५ असतं, पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळं डिसेंबरमध्ये नीट चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यात हमखास पडतो. मागून दोन बोटं उचलून ठेवा, गादीवर ठेवू नका, वर्षभरात साफ केला नसेल तर धूळ काढून घ्या. आणि ९० चा हट्ट सोडून ६० वर कॅप (एफपीएसची वरची मर्यादा) लावा, चिप कमी तापेल आणि दोन तासांनंतरही ६० च राहतील. ९० वरून ५० पेक्षा सरळ ६० कितीतरी चांगले.

लाइट गेल्यावरचं वेगळं. बॅटरीवर लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाला वीजच कमी देतो, चार्जर लावलेला असताना जेवढी मिळते तेवढी बॅटरीतून काढता येत नाही. तो बिघाड नाही. लोडशेडिंगच्या वेळेत ३० वर कॅप लावून एकसारखं खेळा किंवा हलका गेम खेळा.

सोलापूरकर_११:

पंधरा दिवसांनी लिहितोय कारण दुसरी स्टिक मिळायला वेळ लागला, त्याच कंपनीची, तोच वेग.

एक्सएमपी चालू केल्यावर सरासरी १२४, लो ६६. दुसरी स्टिक लावल्यावर सरासरी १३३, लो ८४. कार्ड आता ७५-८० टक्के चालतं. गर्दीच्या चौकातली थरथर गेली. कार्ड तेच, सेटिंग त्याच, १ टक्का लो मात्र ३८ चा ८४ झाला. आईला सांगितलं की तीस हजार वाचले, तिला फ्रेमटाइम समजावला पण पोळ्यांच्या उदाहरणावर ती म्हणाली की तवा तापलेला ठेवून लाटणाऱ्यानं फोन बघितला की घरात असंच होतं.

आता एक शेवटचं, व्ही-सिंक चालू ठेवू की बंद? बंद केलं की चित्र मध्ये कापल्यासारखं दिसतं, चालू केलं की माउस जड वाटतो.

रंकाळा_९९:

मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू कर आणि ड्रायव्हरमध्ये पण. मग मॉनिटर कार्डाची वाट बघतो, फ्रेम तयार झाली की तेव्हाच दाखवतो, त्यामुळं कापल्यासारखं दिसत नाही आणि नुसत्या व्ही-सिंकसारखं हात जड होत नाही. फक्त १४४ च्या वर गेलं की तो खेळ संपतो, म्हणून एफपीएस १४० वर कॅप लाव. खालची मर्यादा बऱ्याच मॉनिटरची ४८ असते, तू ८४ च्या खाली क्वचितच जाणार, काळजी नाही.

सोलापूरकर_११:

लावलं. १४० ची कॅप आणि फ्रीसिंक. रेघ जवळजवळ सपाट झाली. मावसभावाला पण फोटो पाठवला ग्राफचा, तर तो म्हणतो त्याच्या पीसीतपण एकच स्टिक आहे. रविवारी त्याचा उघडतो.